साठ टाक्यांची टोपी

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या नाशिककडे दिवाळी सरली की एके दिवशी पहाटे अचानक जाणवतं, थंडी आली. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागतात, माळ्यावरच्या बॅगा खाली निघतात आणि विणकाम करणाऱ्या बायकांची बोटं शिवशिवायला लागतात. मी त्यातलीच एक. विणायला शिकले आईकडून. १९६२ मध्ये चीनशी लढाई झाली, तेव्हा देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणून पाठवले होते. आमच्या वाड्यातही दुपारभर सुयांचा आवाज चालायचा. मी तेव्हा सात वर्षांची. आईनं दोन सुया माझ्या हातात दिल्या त्या तेव्हापासून. पुढे शाळेत गणित शिकवलं, संसार केला, पण सुया काही सुटल्या नाहीत. त्यामुळे विणकामातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा पक्का समज होता. तो उतरला २०१२ च्या जानेवारीतल्या एका रात्री.

माझ्या सुनेला आठवा लागता लागताच कळा सुरू झाल्या. धावपळ करून इस्पितळ गाठलं. नातू झाला. वजन १४०० ग्रॅम. त्याला लगेच आत काचेच्या पेटीत नेलं. रात्री दोनच्या सुमारास सिस्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आजी, बाळाची टोपी आहे का?"

होती ना! एक नाही, तीन होत्या. बाळ यायच्या आधी तयारी करू नये म्हणतात, तरी मी गुपचूप विणून ठेवल्या होत्या. एकीला वर गोंडा, एकीला सॅटीनची फीत, तिसरीला क्रोशाची नाजूक जाळी. मोठ्या अभिमानानं पिशवी पुढे केली. सिस्टरनी एकेक टोपी काचेपलीकडे नेऊन पाहिली. पहिली बाळाच्या हनुवटीपर्यंत आली. दुसरीचं तेच. तिसरी त्यांनी घातलीच नाही. मग बँडेजच्या नळीसारख्या कापडाचा तुकडा कापला, एका टोकाला गाठ मारली आणि तो बाळाच्या डोक्यावर चढवला. मला म्हणाल्या, "छान आहेत हो आजी. सहा महिन्यांनी घाला."

त्या रागावल्या नव्हत्या, पण मी मात्र खजील झाले. चाळीस-पन्नास वर्षं विणतेय आणि घरच्या बाळाला गरज होती तेव्हा माझ्याकडे एकही कामाची टोपी नसावी? मी विचारलं, "डोक्याचा घेर किती आहे?" त्या आत जाऊन मोजून आल्या, "२८ सेंटिमीटर." पर्समध्ये सुया होत्या, उरलेली मऊ लोकर होती. व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसले आणि साठ टाके घातले. उजाडायच्या आत टोपी झाली. सिस्टरनी ती धुऊन, वाळवून दुपारी बाळाला घातली. बरोबर बसली.

दोन पाळण्यांपलीकडे सुरगाण्याकडच्या एका मुलीचं बाळ होतं. तिनं काचेतून ती टोपी पाहिली आणि काही न बोलता माझ्याजवळ येऊन बसली. मी दुसरी टोपी विणायला घेतली. तिच्या बाळालाही ती छान बसली. पाचव्या दिवशी ते बाळ गेलं. जाताना ती माझ्याकडे आली, पदराखालून टोपी काढली, घडी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आजी, दुसऱ्या कुणाच्या बाळाला होईल."

श्रोतेहो, त्या टोपीचं मी काय करायला हवं होतं? मला सुचेना. मी ती सिस्टरकडे दिली. संध्याकाळी ती धुऊन तिसऱ्याच एका बाळाच्या डोक्यावर होती.

नातू पुढे बावीस दिवस तिथे होता. तेवढ्या काळात मी डॉक्टरांना नाना प्रश्न विचारले. एवढ्याशा टोपीनं काय होतं हो? त्यांनी सांगितलं ते असं. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानानं फार मोठं असतं. अंगाच्या एकूण पृष्ठभागाचा सुमारे पाचवा भाग. मोठ्या माणसाचं तसं नसतं, आपलं डोकं जेमतेम दहावा भाग. त्यामुळे 'सगळी उष्णता डोक्यातूनच जाते' हे आपल्या बाबतीत खरं नाही, पण बाळाचं उघडं, ओलं डोकं त्याला झपाट्यानं गार करतं. शिवाय बाळ आपल्यासारखं कुडकुडत नाही. मानेशी आणि पाठीच्या वरच्या भागात एक तपकिरी चरबी असते, ती जाळून ते ऊब निर्माण करतं. ही चरबी साठते आईच्या पोटातल्या शेवटच्या आठवड्यांत. लवकर जन्मलेल्या बाळाकडे तो साठाच तुटपुंजा. अंगाचं तापमान साडेछत्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बाळ गार पडायला लागतं, रक्तातली साखर उतरते, श्वासाला त्रास होतो, दूध ओढायची ताकद राहत नाही.

पण डॉक्टर लगेच पुढे म्हणाले, "आजी, टोपीनं बाळ वाचतं असं मात्र कुणाला सांगू नका. बाळाला खरी ऊब आईची." कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास, पेट्या अपुऱ्या पडत म्हणून तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारूची पद्धत म्हणतात तिला. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या इस्पितळांतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १ किलो ते १८०० ग्रॅमपर्यंतची बाळं, पेटीत स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवली, तर त्यांच्यातले मृत्यू पाव हिश्शानं कमी होतात, असं त्यात दिसलं. आणि त्या वेळी बाळाच्या अंगावर काय असतं? लंगोट, मोजे आणि टोपी. बस्स. आपल्या टोपीची जागा ती एवढीच, पण ती आहे.

आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या या कामाचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. त्या काळजीत औषधं होती, स्तनपान होतं, तसंच बाळाला गार पडू न देणंही होतं.

घरी आल्यावर भिशीतल्या मैत्रिणींना हे सगळं सांगितलं. सहा जणी तयार झालो. महिन्याभरात शंभर टोप्या विणून मोठ्या थाटात सिस्टरकडे नेल्या. त्यांनी पिशवी पलंगावर ओतली आणि वाटण्या केल्या. एक ढीग लहान, एक मोठा. मोठा ढीग आम्हाला परत! गोंड्याचे धागे सुटून बाळाच्या तोंडात जातात. बंद गळ्याला आवळतो. बटण तुटतं. जाळीत बोटं अडकतात आणि वारा जातो तो वेगळाच. खरी लोकर टोचते आणि गरम पाण्यात आटते. म्हणून मऊ अॅक्रिलिक किंवा सुती धागा बरा. तीस-पस्तीस टोप्याच कामाच्या निघाल्या. आमच्यातली एक जण रुसली, "फुकट देतोय तर वर नखरे!" दोन आठवडे ती भिशीला आली नाही. मग स्वतःच आली आणि गोंडे उसवायला बसली.

दुसरी अडचण आम्हाला कुणालाच सुचली नव्हती. बाळाला पाचवी-सहावी होईपर्यंत, कुठे बारशापर्यंत, नवं कापड घालायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. सिस्टर टोपी घालत आणि त्यांची पाठ वळली की बाळाची आजी ती काढून ठेवी. वाद घालून उपयोग नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्या रिवाजात शहाणपणही आहे; धुऊन धुऊन मऊ झालेलं कापडच कोवळ्या कातडीला सोसतं. मग आम्ही टोप्यांना जुन्या लुगड्याचं अस्तर लावू लागलो, आणि सिस्टर प्रत्येक टोपी दोनदा धुऊनच देऊ लागल्या. "जुनीच आहे हो आजी, बघा हात लावून," असं म्हटलं की आजीबाई स्वतःच्या हातानं टोपी घालत.

आता ज्यांना विणायचंय त्यांनी कागद-पेन्सिल घ्या. दहा नंबरच्या सुया. माझ्या हाताला एका इंचात सहा टाके बसतात. तुमचे मोजून पाहा. पुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ७२ टाके, लहानग्यासाठी ६०. टोपी डोक्याहून थोडी कमी घेराची हवी, ती ताणते. सुरुवातीला दीड इंच दोन सुलट, दोन उलट. मग एक ओळ सुलट, एक उलट, एकूण चार इंच होईपर्यंत. पुढे ७२ टाक्यांच्या टोपीत सुलट ओळीवर दर सहा टाक्यांनंतर दोन टाके एकत्र, पुढच्या सुलट ओळीवर पाचानंतर, मग चारानंतर, असं करत नऊ टाके उरले की धागा त्यांतून ओवून घट्ट ओढा. शिवण बाहेरच्या अंगाला ठेवा, आत टोचत नाही. क्रोशावाल्यांनी अर्धे खांब घालावेत, जाळी नको. वरची चकती किती मोठी? हव्या त्या घेराला तीनानं भागा आणि किंचित कमी करा. सगळं गणित आपलं शाळेतलंच.

अंगणवाडीतल्या मोठ्या मुलांचा हिशेब निराळा. पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर पहाटेची थंडी हाडात शिरते. त्यांना कान झाकणारी कानटोपी हवी, ठळक रंगाची, बंद नसलेली. पहिल्या वर्षी आमच्या टोप्या फेब्रुवारी संपताना पोचल्या! आता पावसाळ्यातच अंगणवाडीताईंना विचारतो, मुलं किती, वयं काय. आणि टोपी देताना एवढं सांगायला विसरत नाही की बाळ घामेजलं, ताप आला, तर टोपी काढा. झोपेत ती नाकातोंडावर सरकू देऊ नका.

माझा नातू आता मिसरूड फुटायच्या वयाचा झालाय. त्याची ती साठ टाक्यांची टोपी माझ्या कपाटात आहे, त्याच्या मुठीवरही बसत नाही. पण ती दुसरी, परत आलेली टोपी किती डोक्यांवरून फिरली असेल, कोण जाणे. त्या मुलीचं नाव मी विचारलं नव्हतं. दर वर्षी डिसेंबरची पहिली टोपी विणताना साठ टाके घालते आणि तिची आठवण काढते. एवढंच करता येतं. तुमच्या घरातही उरलेल्या लोकरीचा एखादा गुंडा असेलच. शोधा. पण विणायच्या आधी जवळच्या इस्पितळातल्या सिस्टरना किंवा अंगणवाडीताईंना विचारा, काय हवंय?