चेहऱ्याचे माप आणि मापाचे प्रमाण



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपण जमलो आहोत, त्यांनी मला या संकेश्वरातच भूमिती शिकविली. कोनमापक सर्वांजवळ नसे. तो बाकांवरून हातोहात फिरे. पुढे वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, ऑर्थोडॉन्टिक्समध्ये शिरलो आणि तोच कोनमापक पुन्हा हाती आला.

१९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट यांनी डोके स्थिर धरून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. अशा चित्रावर बिंदू मांडून जबड्यांचे कोन मोजता येऊ लागले. १९४८ मध्ये डाऊन्स यांनी प्रमाण ठरविले, ते अवघ्या २० गोऱ्या मुलामुलींवरून! १९५३ मध्ये स्टायनर यांनी वरच्या जबड्यासाठी ८२ आणि खालच्यासाठी ८० अंश सांगितले. हे आकडे आम्ही पाढ्यांसारखे पाठ केले. ते कोणाच्या चेहऱ्याचे, हे विचारले नाही.

त्याच १९३१ साली इरावती कर्वे यांचा बर्लिनमधील प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा अशी की, कवटीच्या दोन बाजूंतील असमानता वंशागणिक बदलते आणि त्यातून गोऱ्यांचे श्रेष्ठत्व दिसते. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध आढळत नाही, असे लिहिले. पदवी ज्यांच्या हाती, त्यांच्याच मताविरुद्ध! मापे घेणे मात्र त्यांनी सोडले नाही; पुढे डेक्कन कॉलेजात असताना महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी माणसे मोजली.

माझ्या उमेदवारीच्या काळात एका मुलीचे ओठ प्रमाणापेक्षा पुढे वाटले. चार उपदाढा काढून मी दात मागे घेतले. कोन तंतोतंत जुळले. तिची आजी म्हणाली, “पोरीचं तोंड आत गेलं की वो डॉक्टर!” आजीचे बरोबर होते. आपल्याकडील अनेक समूहांत दात आणि ओठ स्टायनरच्या प्रमाणाहून थोडे पुढेच असतात, हे भारतीय अभ्यासांतून दिसले आहे.

मग प्रत्येक समूहाचे वेगळे कोष्टक करावे काय? काही अंशी उपयोग होतो. परंतु एकाच समूहातील दोन माणसांत जो फरक असतो, तो पुष्कळदा दोन समूहांच्या सरासरीतील फरकाहून मोठा असतो. शिवाय हिरण्यकेशीकाठच्या एकाच गल्लीत कन्नड आणि मराठी घरे भिंतीला भिंत लावून आहेत. कोष्टकाची सीमा कोठे आखणार?

हल्ली चित्रावर रेघ ओढण्यापूर्वी मी आईवडिलांना शेजारी बसवून त्यांचे चेहरे पाहतो, आणि आजी आली असेल तर तिलाही विचारतो.