विरळ विणीचे मोल

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, शिरोली औद्योगिक वसाहतीतील सभेपुढे केलेले भाषण)



आपण विणकरांची लेकरे. परंतु आज ज्या वसाहतीत आपण जमलो आहोत, तेथे सूत नव्हे, लोखंड ओतले जाते. येथून जवळच इचलकरंजीस 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्या धंद्यास आश्रय दिला. त्याच गावचे जुने साधे माग अलीकडे भंगाराच्या भावाने विकले गेले. आपली मुले फौंड्रीत कामाला लागली, यात कमीपणा मुळीच नाही. मात्र मागाबरोबर कापडाची पारखही भंगारात जाऊ नये, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

माझा विषय आहे विरळ विणीचे सुती कापड. आपल्या धंद्यात त्याला मान नाही. मजुरी ठरते पिकावर, म्हणजे एका इंचात बाण्याचे धागे किती पडले यावर. पीक कमी तेथे दामही कमी. असे कापड जखमेच्या पट्टीला, चक्का टांगावयाला, नाहीतर कारखान्यात यंत्रे पुसावयाला जाते. परंतु ज्या मोकळ्या जागेमुळे ते स्वस्त ठरते, त्याच जागेत कलावंताचा हात शिरतो. दाट पॉपलीनमधील धागा जागचा हलत नाही. विरळ विणीतील धागा सरकतो, निघतो, वळतो. रंग तो चटकन पितो, आणि एकावर एक थर ठेवले तर खालचा रंग वरून झिरपून दिसतो.

आपल्या आयाबहिणींना हे ठाऊक नव्हते काय? कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांतील वाकळ पाहा. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून त्यांवर धावदोरा घालीत जावयाचे. नव्या ताठ कापडात सुई अडते. विरलेल्या सुतात ती सहज चालते. त्या टाक्यांच्या ओळींनी उमटणारी लाट म्हणजे कलाच होय. आपण तिला अंथरूण म्हटले, इतकेच.

मोठ्या जगाने या विरळपणाचा सन्मान केला आहे. ॲनी आल्बर्स यांनी ताण्याचे धागे एकमेकांत पिळून जाळीदार वीण साधली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने 1949 साली त्यांच्या एकटीच्या विणकामाचे प्रदर्शन भरविले. आपल्या मुंबईच्या मोनिका कोरिया यांनी विणता विणता फणी बाजूला काढण्याची युक्ती योजिली. फणी निघाली की ताण्याचे धागे शिस्त सोडून मोकळे वाहू लागतात. ज्या गोष्टीस आपला मुकादम खोट म्हणून मजुरी कापील, ती तेथे भिंतीवर सन्मानाने टांगली जाते!

आता कृतीचे सांगतो. कापड प्रथम रात्रभर पाण्यात भिजवून त्याची खळ पुरती काढावी. नाहीतर रंग डागाळतो. ते आटतेही, म्हणून धुतल्याशिवाय मापास हात लावू नये. सरळ कापावयाचे असल्यास एक धागा ओढून काढावा आणि त्या रेषेवर कात्री चालवावी. कडा लगेच दुमडून शिवाव्यात, कारण असे कापड फार उसवते. मग बाण्याचे काही धागे काढून उरलेल्या ताण्याच्या जुड्या बांधल्या की जाळी होते. दाट खळीत बुडवून पालथ्या वाडग्यावर वाळविल्यास वाडग्याचाच आकार उभा राहतो. दोनतीन रंगांचे तुकडे थरांनी शिवले की भिंतीवरचे चित्र तयार होते. यास भांडवल थोडे लागते. नजर मात्र मुरलेली लागते.

ती नजर आपल्या वृद्धांपाशी आहे. कापड उजेडासमोर धरून त्याची वीण सांगणारी माणसे प्रत्येक घरात होती. आता ती मोजकीच उरली आहेत. म्हणून संस्थेस माझी नम्र विनंती आहे. आपल्या सभागृहात आठवड्यातून एक दुपार या कामाला द्यावी. एक हातमाग मांडावा, जुन्या विणकरांस मानाने गुरुस्थानी बसवावे, आणि सुना-मुलींबरोबर फौंड्रीतून सुटी मिळालेल्या मुलांनाही तेथे बोलवावे. जे तयार होईल त्यावर करणाऱ्याचे नाव घालावे. आपल्या पूर्वजांनी गावोगावचे अंग झाकले, परंतु त्यांच्या एकाही थानावर त्यांचे नाव नव्हते.

दाट विणून आपण पोट भरले. आता थोडे विरळ विणून नाव मिळवू या.