न्यायाधीश निवडून का येत नाहीत?



सोसायटीची कमिटी आपण मते देऊन निवडतो. सरपंच, आमदारही मतांनीच येतात. मग वडगाव मावळच्या कोर्टातले न्यायाधीश आपण का निवडत नाही, असे आपली तरुण मंडळी विचारतात. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत तसे होते, हेही त्यांना ठाऊक असते. प्रश्न चांगला आहे.

उत्तरासाठी न्यायमूर्ती रानड्यांकडे जाऊ. १८७१ साली ते पुण्याच्या कोर्टात सबजज्ज म्हणून आले. काम चोख, पण सार्वजनिक सभेतही पुढे. सरकारला ते खुपले. १८७८ साली नाशिकला, आणि पुढच्याच वर्षी, वासुदेव बळवंतांच्या बंडाच्या धामधुमीत, धुळ्याला बदली झाली. त्यांची पत्रेसुद्धा फोडून पाहत. हायकोर्टात जायला १८९३ साल उजाडले. तेव्हा वय ५१.

मी आयुष्यभर बँकेत कर्जखाती पाहिली, म्हणून त्यांचे एक काम मला फार जवळचे वाटते. १८७५ साली सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगा केला, कर्जाचे कागद जाळले. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत कोर्टाने नुसता कर्जरोख्यावरचा आकडा धरायचा नाही; मुद्दल किती, व्याज किती, हे मुळापासून तपासायचे. त्या कायद्याखालचे निकाल तपासणारे स्पेशल जज्ज पुढे रानडेच झाले.

आता विचार करा. सावकाराकडे पैसा, शेतकऱ्याकडे संख्या. जज्जाला मते मागायची असती, तर हिशोब सरळ राहिला असता का? आणि सरकारच्या मर्जीवर राहायचे, तर धुळ्याची वाट होतीच!

आपल्या राज्यघटनेने दोन्ही दोर कापले. आज एमपीएससीची परीक्षा देऊन दिवाणी न्यायाधीश होता येते. नेमणूक राज्यपालांच्या नावाने होते, पण कलम २३५ प्रमाणे बदली-बढतीचा ताबा हायकोर्टाकडे. मंत्र्याला राग आला, म्हणून जज्ज हलत नाही.

तारखांवर तारखा पडतात, ही आपली तक्रार खरीच आहे. पण त्यावर औषध म्हणजे जास्त न्यायाधीश, मतपेटी नव्हे. आपल्या कुरवंड्यातली मुले-मुली इंजिनिअर होतात, आनंद आहे. सुवर्णमहोत्सवापर्यंत एखादी न्यायाधीशही व्हावी, एवढीच या म्हाताऱ्याची इच्छा.