नोंदींचा क्रम

नेवासें घ्या, पारनेर घ्या. अहिल्यानगर जिल्ह्यांत गांवच्या महसुली दप्तरीं जमिनीची हकीकत दोन रीतींनीं राहते. गांव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, आल्या क्रमानें भरते. वारस लागला, खरेदी झाली, कीं पुढचा क्रमांक. सातबारा मात्र गटवार. त्यावर त्या फेरफारांचे केवळ क्रमांक.

संगणकांतील हॅश-कोष्टकाच्या रूढ रचनेंत हा दुहेरीपणा नव्हता. नांवावरून गणितानें एका खणाचा अंक काढीत व मजकूर त्याच खणांत ठेवीत. शोध तत्काळ लागे; अगोदर काय आलें, तें कळत नसे. २०१२ सालीं रेमंड हेटिंजर यांनीं पायथन भाषेसाठीं निराळी मांडणी सुचविली: मजकूर आल्या क्रमानें यादींत, खणांत फक्त त्याचा अनुक्रमांक. नगरचें दप्तर त्यांनीं पाहिलें असण्याचें कारण नाहीं. हेतु स्मृतींतील जागा वांचविण्याचा होता. २०१६ च्या ३.६ आवृत्तींत ती आली; क्रमाची हमी २०१८ च्या ३.७ पासून.

खोडण्यांत मात्र दोहोंच्या वाटा वेगळ्या. यादींतील खोडलेली जागा प्रथम रिकामी राहते; कोष्टक वाढवितांना उरलेल्या नोंदी त्याच क्रमानें जवळ येतात व पोकळी नाहींशी होते. फेरफार रद्द झाला तरी त्याचा क्रमांक वहींत राहतो. बापाच्या नांवची जमीन मुलाकडून घेणाऱ्यानें वारसाची नोंद खरेदीआधींची आहे ना, आणि मधला एखादा फेरफार कां रद्द झाला, हें तेथेंच पाहावें.