सुईचे नाव विचारा



कापूस वेचणीला येतो, तेव्हा बांधावरचे गाजरगवत फुलांनी पांढरे झालेले असते. हे गवत 1950 च्या दशकात पुण्यात दिसले. परदेशी धान्याबरोबर आले, असे मानतात. त्याचे पराग नाकात गेले की काहींना शिंकांवर शिंका येतात, नाक वाहते, डोळे खाजतात. वेचणी थांबवून परवडत नाही. मग आपण बाजाराच्या दिवशी दवाखान्यात जातो आणि म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक सुई देऊन टाका." दुसऱ्या दिवशी नाक कोरडे, आपण खूश!

ती सुई पुष्कळदा स्टेरॉइडची असते. ट्रायअ‍ॅमसिनोलोनसारखे औषध स्नायूत टोचले की आठवडे न् आठवडे अंगात उतरत राहते. त्रास झाला तरी परत काढता येत नाही.

कपाशीत आपण हेच भोगले आहे. बोंडअळीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवारे वाढवले. मित्रकिडी मेल्या आणि पांढरी माशी माजली. शरीराचेही तसेच आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःच स्टेरॉइड बनवतात. बाहेरून वारंवार मिळाले की त्या सुस्तावतात. मग मोठा आजार किंवा ऑपरेशन आले की ऐनवेळी अंग साथ देत नाही. साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो, दबलेला क्षय उसळू शकतो. 2021 साली काळ्या बुरशीने माणसांचे डोळे गेले, जीव गेले. बेसुमार स्टेरॉइड आणि वाढलेली साखर ही त्यामागची मोठी कारणे होती.

स्टेरॉइड वाईट नाही. दम्याच्या झटक्यात ते जीव वाचवते. पण शिंकांसाठी दर हंगामाला सुई, हा सौदा तोट्याचा आहे. त्यापेक्षा सेटिरिझिनसारखी गोळी किंवा नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा डॉक्टरांना विचारून घ्यावा. फवाऱ्यातले औषध नाकापुरतेच काम करते, रक्तात फार थोडे जाते. गोळीने झोप येत असेल तर ट्रॅक्टर चालवू नये. धाप लागली तर मात्र थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. बरेच दिवस स्टेरॉइड चालू असेल तर ते मनाने एकदम बंद करू नका. त्यातही धोका आहे.

आता आपण एवढे करू. गाजरगवत फुलण्याआधी उपटू; हातात मोजे, तोंडाला फडके. आणि सुई घेण्याआधी तिचे नाव विचारू, चिठ्ठीवर लिहून घेऊ. बियाण्याच्या पिशवीवरचे नाव वाचल्याशिवाय आपण पेरत नाही. मग अंगात काय जाते, हे विचारायला लाज कसली?