‘आम्हांला’ या शब्दाचा अर्थ

प्रभूच्या प्रार्थनेत रोजची भाकर मागताना ख्रिस्ती भाविक ‘मला’ दे असे म्हणत नाही. ‘आम्हांला’ दे असे म्हणतो. हा एक शब्द आचरणात आणणे किती कठीण असते!

२०१८ साली आपल्या बडोद्यास मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर दोनच वर्षांनी उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षस्थान एका कॅथलिक धर्मगुरूंनी भूषविले. ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक म्हणून ते ख्यातनाम होतेच. पण वसईच्या बागायतीवर इमारतींचे आक्रमण होऊ लागले, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, तेव्हा हेच लेखक ‘हरित वसई’च्या चळवळीत पुढे उभे राहिले. ‘धर्मगुरूने चर्चमध्येच राहावे’ असे म्हणणारे तेव्हाही होते. परंतु विहीर आटते ती धर्म विचारून आटत नाही. ख्रिस्ती शेतकऱ्याबरोबर त्याचा हिंदू शेजारीही तहानेला राहतो. म्हणून तो लढा एका धर्मग्रामाचा न राहता साऱ्या वसईचा झाला.

फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. त्यांनी दाखविलेली वाट मात्र सर्वांसाठी खुली आहे. उपासना आटोपून आपण घरी परततो, तेव्हा शेजाऱ्याची घागर भरलेली आहे की रिकामी, एवढे तरी पाहू या. प्रार्थनेचा अर्थ तेथेच उमगतो.