बिभा आणि संतमस



मुळशी धरणाच्या काठी पुणे शहराचा झगमगाट डोंगरांआड राहतो. फाल्गुन-चैत्रातील निरभ्र, अंधाऱ्या रात्री तेथून सिंह राशीकडे पाहावे. मघेच्या दक्षिणेस, षडंश नावाच्या अंधुक तारकासमूहात एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. लहान दुर्बिणीतून सापडतो. त्याचे अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षे. आज येथे पोहोचणारा त्याचा किरण छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात निघालेला आहे.

या ताऱ्याचे नाव ‘बिभा’. गुरूच्या सुमारे दीडपट वस्तुमानाचा एक ग्रह अवघ्या दोन दिवसांहून थोड्या अधिक काळात त्याची प्रदक्षिणा पूर्ण करतो; त्याचे नाव ‘संतमस’. डिसेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघाने ही दोन्ही भारतीय नावे जाहीर केली. ग्रहाचे वातावरण मेघाच्छादित असावे, या तर्कावरून ‘संतमस’ हा संस्कृत शब्द सुचविला तो पुण्यातील एका तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने!

‘बिभा’ म्हणजे प्रभा. ते नाव मात्र बिभा चौधुरी (१९१३–१९९१) या भारतीय विदुषीचे आहे. देवेंद्रमोहन बोस यांच्यासह त्यांनी दार्जिलिंगच्या डोंगरांत छायाचित्रणाच्या काचांवर विश्वकिरणांच्या खुणा टिपल्या. मेसॉन कणांचा माग त्यांना लागला होता. परंतु महायुद्धामुळे अधिक संवेदनशील काचा मिळेनात. पुढे तशा काचा वापरून सेसिल पॉवेल यांनी पायॉन शोधला आणि १९५० चे नोबेल पारितोषिक मिळविले. बुद्धी होती, साधन नव्हते. चौधुरी नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत कार्यरत राहिल्या. समाजाला मात्र त्यांचे नाव ठाऊक झाले नाही.

नामकरणाचा अभिमान अवश्य बाळगावा. पण संतमस २००६ मध्ये सापडला तो परदेशी वेधशाळांतून. बारसे आपण केले, शोध इतरांचा होता. हे अंतर तोडता येते. २०१८ मध्ये त्याच अहमदाबादच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी अबूच्या गुरुशिखरावरून, स्वदेशी ‘पारस’ वर्णपटमापकाच्या साहाय्याने सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरील एका ग्रहाचे वस्तुमान मोजून त्याचे अस्तित्व सिद्ध केले.

म्हणून गावोगावच्या शाळांत एक तरी दुर्बीण असावी आणि मुळशीसारख्या ठिकाणचा काळोख दिव्यांच्या हव्यासापायी गमावू नये. नाव सुचविणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांच्या हाती साधन देणे हे वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे.